खिळ्यांचे आकडे

कडाव,
ता. ३ जानेवारी १८८१

चि. हिरामण यास सुंदराआक्काचा आशीर्वाद. आशीर्वाद लिहिला तो रिवाज म्हणून. मनात आहे तो राग.

मुंबईला आगबोटीच्या कचेरीत कारकुनीला जातो म्हणून खालापुराहून निघालास, आणि पत्र आलं ते बसऱ्याहून. समुद्र ओलांडताना थोरल्या बहिणीला चार शब्द कळवावेत असं वाटलं नाही? आई-आबा गेल्यावर तुला मी वाढवलं, म्हणून मला सगळे विचारत होते, "भाऊ कुठं हाय?" मला सांगता येत नव्हतं. लोकांना वाटलं, मी लपवते आहे.

आता लिहितोस की तुर्कांच्या मुलखात, हिल्ला नावाच्या गावाजवळ एक विलायती साहेब जुन्या बाबेल शहराची टेकाडं खणतो आणि तू त्याच्या मालखान्याचा कारकून आहेस. असशील. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विटा सांभाळ. घरच्या माणसांना सांभाळणं तुला जमलं नाही.

माझं ऐक. पुण्याहून मास्तरणीची परीक्षा देऊन आले आणि इथे कडावला मुलींच्या शाळेवर नेमणूक झाली. मुंबईच्या एका शेटजींच्या देणगीवर शाळा चालते; देखरेख गावच्या कोंडाजी खोताकडे. मुली थोड्याच, पण एक बायजा म्हणून आहे. खोताची जमीन कसणाऱ्या जैतू आणि ठमी या कुळाची पोर. परवा मी पळं-घटका शिकवत होते, आणि कोंडाजी तपासणीला येऊन बसला होता. बायजा उभी राहिली. "बाई, दिवसाच्या घटका साठच का वं? शंभर का नाय?" मला उत्तर येईना. कोंडाजी हसला आणि म्हणाला, "पोरीनं इचारायचं नाय. पाठ करायचं."

त्याच्या हसण्यापेक्षा माझ्या गप्प बसण्याचा मला जास्त राग आला. तुझा साहेब जुन्या गोष्टी खणतो ना? त्याला विचार, साठच का.

सुंदरा

*

हिल्ल्याजवळ,
ता. ९ फेब्रुवारी १८८१

गं. भा. सुंदराआक्कास हिरामणचा शिरसाष्टांग नमस्कार.

रागावलीस ते रास्त. सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस, म्हणून सांगितलं नाही. एवढंच.

पण आक्का, तुझ्या त्या पोरीने काय विचारलं आहे, तिला ठाऊक नाही! मी साहेबाला विचारलं तर त्याने हातातला चहा खाली ठेवला.

या लोकांना कागद नव्हता. ओल्या मातीच्या वड्या करायच्या आणि बोरूचं टोक दाबून खुणा उठवायच्या. प्रत्येक खूण बारक्या खिळ्यासारखी दिसते, डोकं रुंद आणि शेपूट निमुळती. आकड्यांना दोनच खुणा. उभा खिळा म्हणजे एक. आडवी, कोयरीच्या टोकासारखी खूण म्हणजे दहा. दोन कोयऱ्या आणि तीन खिळे, झाले तेवीस. असं एकोणसाठपर्यंत. आणि साठ आले की? पुन्हा एकच उभा खिळा!

आपण दहा झाले की एक पुढच्या घरात नेतो, तसे हे लोक साठ झाले की नेत. हे कळलं कसं, तेही साहेबाने सांगितलं. काही वर्षांपूर्वी याच मुलखात वर्गांचा पाढा सापडला. सात साते एकोणपन्नास नीट होतं, पण आठ आठेच्या पुढे चौसष्टऐवजी नुसतं 'एक, चार'. पंडित चक्रावले. मग उलगडलं, की तो एक म्हणजे साठ, आणि वर चार.

एक खोट आहे. यांच्याकडे शून्य नाही. रिकाम्या घरासाठी नुसती जागा सोडत, तीही कधी विसरत. मग खिळा एकाचा की साठाचा, हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

तासाची साठ मिनिटं इंग्रजांकडे आली ती ग्रीक ज्योतिषांकडून, आणि त्यांना मिळाली ती इथून, असं साहेब म्हणतो. आपल्या साठ घटका इथून आल्या की आपल्याकडेच सुचल्या, हे त्याला सांगता येत नाही. आणि साठच का, हे तर कोणालाच नक्की ठाऊक नाही. साठाचे वाटे सोपे पडतात, अर्धा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, कुठेच काही उरत नाही. म्हणून असेल.

बायजाला सांग, तिच्या प्रश्नाने एक विलायती साहेब अर्धा तास बोलत होता.

तुझा,
हिरामण

*

कडाव,
ता. १६ मार्च १८८१

चि. हिरामण यास आशीर्वाद.

पहिली गोष्ट. मला गं. भा. लिहू नकोस. नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली, ते मला पाकिटावर दर वेळी वाचायचं नाही.

दुसरी गोष्ट. तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलींना उल्हास नदीच्या काठची चिकण माती आणायला लावली. बोरू माझ्याकडे होतेच. हिरामण, अशी शाळा मी कधी पाहिली नव्हती! ज्या पोरी पाटीला हात लावायला लाजत, त्या कोपरापर्यंत मातीत. वड्या करून, खिळे उठवून त्यांनी ओट्यावर वाळत घातल्या. बायजाने आठाच्या वर्गाची वडी केली, अगदी तुझ्या पत्रातली, एक आणि चार. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, ह्ये तर पाच बी वाचता येतंय. त्यांची पोरं भांडत नसतील व्हय?" मी म्हटलं, भांडत असतील. म्हणूनच पुढे कोणाला तरी शून्य सुचलं.

साठाबद्दल मला एक सुचलं, चूक असेल तर साहेबाला हसू दे. इथल्या बाया बोटांच्या पेरांवर मोजतात. अंगठा फिरवला की चार बोटांची बारा पेरं. एक फेरी झाली की दुसऱ्या हाताचं एक बोट मिटायचं. पाची बोटं मिटली की किती झाले? त्या मुलखातल्या बायांनाही बोटं होतीच.

पण कोंडाजी आला. ओट्यावरच्या वड्या पायाने सरकवून म्हणाला, "ह्या कसल्या खुना? कुनाच्या नावानं खिळं ठोकता?" मी सांगितलं, आकडे आहेत. त्याला ते ऐकायचंच नव्हतं. शेटजींना कळवतो म्हणाला. कळवू दे. मी घाबरत नाही.

सुंदरा

*

कडाव,
ता. ४ मे १८८१

हिरामण,

बायजा गेली.

चैत्राच्या शेवटी ताप भरला. तिसऱ्या दिवशी भ्रम झाला. कर्जतला रेल्वेचा डॉक्टर आहे, तिथवर न्यायला हवी होती. नेली नाही. मी दोनदा त्यांच्या दारात गेले. जैतू खाली बघत उभा, म्हणाला, "उद्या नेतो." तो उद्या आला नाही.

तिला पोचवून आले त्याच संध्याकाळी गावात सुरू झालं. मास्तरणीने मातीत खिळे ठोकले. पोरीच्या हातून ठोकून घेतले. परमुलखातून भाऊ मंत्र पाठवतो आणि ही इथे उठवते. चेटूक. हा शब्द माझ्या समोर कोणी बोलत नाही, पाठ फिरली की बोलतात. विहिरीवर गेले तर बाया घागरी उचलून निघून गेल्या. ज्या पोरी माझ्या पदराला धरून अक्षरं शिकल्या, त्यांच्या आया त्यांना घरात ओढतात.

आणि परवा कोंडाजी चार माणसं घेऊन शाळेत आला. मी दारात आडवी झाले. मला कोणी हात लावला नाही, नुसतं बाजूला करून आत गेले. सगळ्या वड्या अंगणात आणल्या आणि पायांनी तुडवल्या. एकेका पोरीचं नाव मी मागे कोरून ठेवलं होतं, हिरामण. त्या आवाजात मला तेवढंच आठवत होतं, की ही सुगंधाची, ही म्हाळसाची. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. कोंडाजी म्हणाला, "बाई, गावाचं भलं बघतो."

बायजाची वडी वाचली. ती माझ्या ट्रंकेत होती, मी ती तुझ्या साहेबाला पाठवणार होते.

मला झोप येत नाही. रडूही येत नाही. नुसता संताप होतो. त्या तापाला मी काय करणार होते, ते मला कोणी सांगावं!

सुंदरा

*

हिल्ल्याजवळ,
ता. ९ जून १८८१

ती. सुंदराआक्कास नमस्कार.

वाचून फार वाईट वाटलं. पण माझं थोडं ऐक. तू एकटी बाई, गाव त्यांचं. अशा वेळी दोन पावलं मागे घ्यावीत. चुकून झालं, पुन्हा माती आणणार नाही, एवढं म्हटलंस तर तुझं काय जातं? आकडे काय, पाटीवरही शिकवता येतात. कोंडाजी वाईट माणूस वाटत नाही, अडाणी आहे. मी माझ्या परीने काय करायचं ते केलं आहे. तू आता शांत राहा.

इथे माझंही डोकं ठिकाणावर नाही. गेल्या आठवड्यात एका खड्ड्यात बारक्या वड्यांचा ढीग लागला. लाडू तळहाताने चपटा करावा तशा गोल. एका बाजूला सुबक अक्षरात दोन ओळी, आणि दुसऱ्या बाजूला त्याच ओळी वाकड्यातिकड्या. आक्का, मी बघताक्षणी ओळखलं! पुढची बाजू पंतोजीची, मागची पोराची. पाढे गिरवलेले. एकीवर चूक पुसायला अंगठा फिरवलेला, त्याच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

साहेबाने दोन उलटून पाहिल्या आणि म्हणाला, राजांची नावं नाहीत, देवांच्या कथा नाहीत, पोरांचा कचरा आहे. कच्च्या मातीच्या आहेत, पेटीत भुगा होईल. टाका. मजुरांनी टोपल्या भरल्या आणि राडारोड्यावर ओतल्या. गाढवं त्यावरून गेली. मी साहेबाच्या तंबूत जाऊन भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा गोऱ्या माणसासमोर आवाज चढवला. इतकी वर्षं जमिनीने जपलेलं, एका सकाळी मातीत घालता म्हणून! तो म्हणाला, तुझं काम पेट्या मोजण्याचं आहे. दोन रात्री मला जेवण गेलं नाही.

तुझा,
हिरामण

*

कडाव,
ता. १९ जुलै १८८१

हिरामण,

"माझ्या परीने काय करायचं ते केलं आहे" याचा अर्थ मला काल कळला. चावडीवर, सगळ्या गावासमोर.

कोंडाजीने मला बोलावून घेतलं. खिशातून कागद काढला आणि वाचायला दिला तलाठ्याला. तुझं अक्षर मी लांबून ओळखलं. "माझी बहीण विधवा असून एकटेपणामुळे तिचं चित्त स्थिर नसतं. तिच्या हातून अविचार झाला. तिच्यातर्फे मी आपली माफी मागतो." तलाठी ठसक्यात वाचत होता. माणसं माझ्याकडे बघत होती. कोंडाजी म्हणाला, "ऐकलंत? भाऊच सांगतोय. आमी तर काय बोललोच नाय."

माझं चित्त स्थिर नाही! पुण्याच्या परीक्षेत पहिली आले तेव्हा स्थिर होतं. तुझी फी भरली तेव्हा स्थिर होतं.

तुला हजारो वर्षांपूर्वीच्या पोरांच्या पाढ्यांचा कैवार आला. साहेबावर आवाज चढवलास, दोन रात्री जेवला नाहीस. आणि इथल्या जित्या पोरींचे पाढे पायांखाली तुडवले, तेव्हा तुडवणाऱ्याला तू माफी लिहून पाठवलीस. एकाच महिन्यात, एकाच दौतीतून. तिथला अंगठ्याचा ठसा तुला दिसला. इथे ज्यांचे ठसे होते त्यांची नावं मी तुला पत्रात लिहिली होती.

आता पुढचं ऐक, कारण हे ऐकण्याची तुझी लायकी नसली तरी मला दुसरं कोणी सांगायला नाही.

चावडीवरून निघाले ती सरळ शेतात गेले. आवणी चालू आहे. ठमी खोताच्या खाचरात वाकून रोपं लावत होती. बायजा गेल्यापासून तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मी बांधावर उभी राहिले आणि म्हटलं, "ठमे, तुझी पोर मी मारली असं तुला वाटत असंल तर माझ्या तोंडावर म्हण."

ती उभी राहिली. हातात रोपांची जुडी. इकडेतिकडे पाहिलं आणि हळू बोलली, "तुमी नाय मारली वं बाई. ती कशानं गेली त्ये मला आनि तिच्या बापाला ठावं हाय. गाडी मागाया गेलो होतो खोताकडं. दोनदा गेलो. त्याच्या पोराचं लगीन होतं. म्हनला, बैल नवरदेवाला लागनार हाईत, रंगवून ठेवल्यात. पोरीला परवा न्या."

"मग हे चावडीवर का नाही सांगितलंस?"

"सांगून? ह्ये खाचर त्याचं हाय. झोपडीच्या बुडाखालची जमीन त्याची हाय." मग एकदम तिचा आवाज चढला. "तुमचं काय, तुमी शिकल्याल्या! तुमाला दुसऱ्या गावात नोकरी हाय. आमी कुटं जायाचं?"

आणि खाली वाकून पुन्हा लावू लागली. मी बांधावरून परत फिरले. चेटूक कोणी उठवलं आणि का, ते आता मला ठाऊक आहे. पण ठमीच्या तोंडचं मी माझ्या तोंडाने बोलणार नाही. तिची भाकरी जाईल.

तू पत्र लिहू नकोस. मला नाही, आणि कोणालाच माझ्यातर्फे नाही.

सुंदरा

*

बसरा,
ता. २४ ऑगस्ट १८८१

आक्का,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो आहे. एकदाच.

तुझं पत्र वाचून मी बाहेर जाऊन राडारोड्याच्या ढिगाजवळ बसलो. तू लिहिलं आहेस त्यात एक शब्दही खोटा नाही. साहेबावर ओरडताना मला फार मोठा माणूस झाल्यासारखं वाटलं होतं. कोंडाजीला पत्र मी त्याच आठवड्यात लिहिलं, आणि तेव्हा मला आपण शहाणे आहोत असं वाटलं.

सोबतचा कागद कोंडाजीला आणि त्याची नक्कल शाळाखात्याच्या डेप्युटीसाहेबांना पाठवली आहे. त्यात लिहिलं आहे की पहिल्या पत्रातलं माझ्या बहिणीबद्दलचं सगळं मी मनाने रचलं होतं, ती खिळ्यांची अक्षरं म्हणजे निव्वळ आकडे आहेत, आणि ते तिला मी कळवले. तुझ्यातर्फे नाही. माझ्यातर्फे. वाचून तुला योग्य वाटलं नाही तर तसं डेप्युटींना सांग.

नोकरी सोडली. शेवटच्या पेट्या इथे बोटीवर चढवून देऊन सप्टेंबरअखेर निघतो. तू दारात उभं केलं नाहीस तर खालापुराला जाईन.

हिरामण

*

कडाव,
ता. ११ ऑक्टोबर १८८१
(मुंबईला आगबोटीच्या कचेरीच्या पत्त्यावर)

हिरामण यास आशीर्वाद.

बोटीतून उतरशील तेव्हा हे मिळेल. इथे काय झालं ते ठाऊक असल्याशिवाय कर्जतच्या गाडीत बसू नकोस.

डेप्युटीसाहेब मागच्या सोमवारी आले. चावडीवर सारा गाव. तुझा कागद त्यांनी वाचला. मग मला म्हणाले, ते आकडे काढून दाखवा. मी माती कालवली, बोरूने दोन कोयऱ्या आणि तीन खिळे उठवले, आणि सांगितलं, तेवीस. ते म्हणाले, यात गैर काही दिसत नाही. कोंडाजी उठला. "साहेब, गैर नाय तर पोर मेली कशी?"

तेव्हा मागून ठमी आली. बायांच्या घोळक्यातून वाट काढत, डोक्यावरचा पदर घसरलेला. जैतू तिचा हात धरून मागे ओढत होता. तिने झटकला. कोंडाजीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"माझी पोर कशी मेली? तू इचारतोस? तू! बैलाची शिंगं रंगवलीस तवा माझी पोर दाताड वाजवत पडली होती. दोन येळा पाया पडले तुझ्या. माझ्या पोरीपरीस तुला शिंगाचा रंग जास्त झाला, आनि नाव ह्या बाईवर घातलंस!"

कोंडाजी म्हणाला, "रांड खुळी झाली." ठमी म्हणाली, "खुळी झाले तवाच बोलाया आलं."

तुला वाटेल, मग न्याय झाला. नाही झाला. डेप्युटींनी माझ्यावर दोष नाही असं लिहिलं. गाडी नाकारणं हा गुन्हा नाही, असंही ते म्हणाले. शाळेबद्दल म्हणाले की पटावर मुली नाहीत, शेटजींनी देणगी थांबवली आहे, तेव्हा शाळा बंद. मला साजगावला बदली देऊ केली. घोड्यावर बसून निघून गेले. तिसऱ्या दिवशी कोंडाजीने जैतूचं खाचर काढून घेतलं. उभं पीक. लावलं होतं ठमीने, कापणार दुसरे.

मी साजगावला जाणार नाही, असं कळवलं आहे. पगार नाही. चौकच्या रस्त्याकडेला हवाबी म्हणून एक बाई आहे, तिचा नवरा पुण्याच्या वाटेने जाणाऱ्या गाड्यांना चारा विकतो. तिने आपली पडवी दिली, तिथे ठमी आणि जैतू राहतात आणि तिथेच मी शिकवते. हवाबीच्या दोन पोरी येतात. कडावच्या तिघी येतात, आया पाठवतात, बापांना सांगत नाहीत. बायजाची वडी मी ठमीला दिली. तिने ती हातात घेतली आणि आत ठेवून आली.

तू येतोस तर ये. दारात उभं करीन. पण माझा पाठीराखा म्हणून येऊ नकोस. पडवीला कूड घालायचा आहे, थंडीच्या आत. आणि मी निवळले असं समजू नकोस. तुझ्यावरचा राग थोडा उतरला आहे, बाकी सगळा जागच्या जागी आहे.

ठमीला खाचरासाठी कलेक्टरांकडे अर्ज करायचा आहे. मी म्हटलं, मी लिहिते, तू अंगठा लाव. ती म्हणाली, "अंगठा नाय लावनार. अंगठा लावून लावूनच त्यो माजलाय. मी नाव लिवनार." म्हणून काल दुपारपासून मुलींच्या रांगेत शेवटी बसते. पहिलंच अक्षर 'ठ'. वळण गोल येईना, तेव्हा दात खाऊन तिने लेखणी अशी दाबली की पाटीवर चरा पडला आणि लेखणीचे दोन तुकडे झाले.

मुली घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. मी दुसरी लेखणी काढून तिच्या हातात दिली.

सुंदरा